ग्रामपंचायत, दवाखाना आणि आपण सभासद



मागील काही अंकांतून आम्ही बेणे निवड, खोडव्यातील बगला फोडणे, पाचट कुजविणे अशा विषयांवर लिहीत आलो. या अंकात विषय जरा वेगळा घेतला आहे. ‘ऊस विकास विभागाला दवाखान्याशी काय देणेघेणे?’ असे कोणी विचारील. गट कार्यालयात बसून आम्ही लागणीच्या आणि तोडणीच्या नोंदी पाहतो, तेव्हा दर हंगामात चार-दोन नावे अशी निघतातच की, एकरी पन्नास टनांच्या खाली कधी न आलेला सभासद एकाएकी तिसावर येतो. चौकशी करावी तर जमीन तीच, बेणे तेच, विहिरीचे पाणीही तेच. घरात दुखणे निघालेले असते. मोठ्या बांधणीच्या ऐन वेळी घरधनी तापाने अंथरुणाला खिळला, खताच्या हप्त्याचा पैसा सलाईनमध्ये गेला, पाळीचे पाणी चुकले. माती परीक्षणाच्या कागदात हे उतरत नाही. पण वजनकाट्यावर ते बरोबर उतरते.

म्हणून गावचे आरोग्य कोणी सांभाळायचे, कायद्याने ते काम कोणाचे आणि त्यात आपला हात कुठवर पोहोचतो, हे समजून घेऊ.

काम कोणाचे?

आपल्याकडे एक खोड आहे. गावात ताप-खोकल्याची साथ आली की आपण आमदाराला फोन लावतो. आमदार कलेक्टरला लावतो. कलेक्टर जिल्हा परिषदेला विचारतो आणि जिल्हा परिषद तालुक्याला. तिथून निरोप फिरत-फिरत शेवटी येतो तो आपल्याच ग्रामपंचायतीत, की बाबा, टाकीत टीसीएल पावडर टाकली होती का? म्हणजे जिथून निघाला तिथेच परत. मधले चार दिवस मात्र गेले.

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने गावची स्वच्छता, पिण्याचे पाणी, सांडपाण्याचा निचरा, साथीच्या रोगांना आळा ही कामे ग्रामपंचायतीकडे दिली आहेत. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या झाल्या, आणि १ मे १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती झाली व ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिने घटनेला जे अकरावे परिशिष्ट जोडले, त्यातील २९ विषयांत आरोग्य व स्वच्छता, कुटुंबकल्याण, महिला व बालविकास, अपंगांसह समाजकल्याण हे सारे विषय आहेत. तेव्हा सरपंचाने ‘हे आपल्या हातातलं नाही’ म्हणायला जागा राहिलेली नाही.

आता दवाखान्यांचे पाहू. इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. आशाताई, उपकेंद्रातील नर्सबाई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ही साखळी ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या देखरेखीखाली चालते. तिचा प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुक्याला तालुका आरोग्य अधिकारी. सपाटीच्या भागात साधारण ५ हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा मापदंड आहे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय ही मात्र राज्य शासनाच्या आरोग्य खात्याची, आणि नांदेड-लातूरची मोठी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण खात्याची. आरोग्य केंद्रात औषध मिळाले नाही तर तक्रार पंचायत समितीच्या सभेत व्हावी. ग्रामीण रुग्णालयातल्या एक्स-रेची तक्रार तिथे करून उपयोग नाही. आपण उसाच्या बिलाची तक्रार हवामान खात्याकडे करीत नाही, तसेच हे आहे.

खालचा दवाखाना नीट चालणे का महत्त्वाचे, त्याचा धडा नांदेडने २०२३ साली पाहिला. त्या वर्षी ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या २४ तासांत तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ तान्ही बाळे होती. त्यावर चर्चा पुष्कळ झाली, चौकशाही झाल्या. त्यात आम्ही शिरत नाही. पण त्या रुग्णालयात नांदेडचेच नव्हे, तर हिंगोली, परभणी आणि शेजारच्या तेलंगणातलेही रुग्ण येतात, आणि कितीतरी जण अगदी शेवटच्या घटकेला येतात. बाळंतिणीची जोखीम पाचव्या महिन्यात गावातच ओळखली गेली असती, रक्त कमी आहे हे उपकेंद्रात कळले असते, तर निदान काही जणी तरी तिथवर धापा टाकत जाणार नाहीत. आपण बेण्याला प्रक्रिया करतो ती काणी पडल्यावर नव्हे, आधी करतो.

टेंभुर्णीचा शोषखड्डा

आता आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी हे काही फार मोठे गाव नाही. त्या गावाने ठरविले की सांडपाणी रस्त्यावर येऊ द्यायचे नाही आणि नालीही बांधायची नाही. घरटी एक शोषखड्डा घ्यायचा. सरपंचाच्या पुढाकाराने ते काम गावात झाले. वाहती घाण बंद झाली आणि डासही हटले. पुढे २०१५-१६ च्या सुमारास जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी अभिमन्यू काळे यांनी ही पद्धत उचलून धरली. रोजगार हमीच्या कामात ती बसविली आणि गावोगाव खड्डे झाले. ‘मॅजिक पीट’ म्हणा की ‘नांदेड पॅटर्न’ म्हणा, बाहेरच्या जिल्ह्यांतली माणसे ते पाहायला येऊ लागली.

हा खड्डा कसा असतो ते सांगतो, कारण पुष्कळ ठिकाणी नुसता खड्डा खणून त्यात दगड टाकतात आणि वर्षभरात तो तुंबला की ‘सरकारी योजना अशीच असती’ म्हणून मोकळे होतात. न्हाणीच्या व मोरीच्या पाण्यासाठी सुमारे चार फूट लांब, चार फूट रुंद आणि चार-पाच फूट खोल खड्डा घ्यावा. तळाला मोठे दगड घालावेत. त्यावर मधोमध सिमेंटची लहान टाकी किंवा जाड पाईपचा तुकडा बसवावा. तिला वरच्या अंगाला चारी बाजूंनी छिद्रे पाडलेली असावीत. टाकीच्या भोवतीची पोकळी दगडांनी भरावी. खाली मोठे, वर जाताना लहान. घरातले पाणी पाईपने थेट टाकीत सोडावे. गाळ आणि साबणाची साय टाकीत खाली बसते, वरचे निवळ पाणी छिद्रांतून दगडांत जाते व तिथून मातीत मुरते. वरून गोणपाट किंवा प्लॅस्टिक अंथरून माती ओढावी. टाकीचे झाकण तेवढे उघडता येईल असे ठेवावे. पाणी कुठेही उघडे दिसता कामा नये. टाकीतला गाळ अधूनमधून काढला की खड्डा वर्षानुवर्षे चालतो. सारी खुबी त्या टाकीत आहे. ती नसेल तर साय थेट दगडांत जाते आणि दगडांची तोंडे बुजतात.

आपल्या भागासाठी आमची एक पुरवणी आहे. मांजरा, तेरणा, मन्याड, गोदावरीकाठच्या भारी काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पावसाळ्यात ज्या वावरात वापसा यायला पंधरा दिवस लागतात, तिथे चार फुटांचा खड्डा न्हाणीचे पाणी रोज कसे पिणार? अशा ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खाली जावे, नाहीतर खड्डा मोठा घ्यावा. दोन घरांनी मिळून एकच खड्डा घेण्याचा मोह टाळावा. तेही नसेल जमत तर परसात केळीची चार बुडे, अळू, कर्दळ लावून पाणी जिरवावे. पिण्याची विहीर किंवा बोअर असेल तर निदान पन्नास फूट अंतर सोडावे. संडासाचे पाणी यात कधीही सोडू नये.

सरपंच मंडळींना नाली अधिक का आवडते, हे आम्ही इथे लिहीत नाही. नालीला गुत्तेदार लागतो, खड्ड्याला घरचा माणूस पुरतो, एवढे पुरे.

पण शोषखड्डा झाला म्हणजे सगळे डास गेले असे कोणी मानू नये. घाणीच्या पाण्यात वाढणारा डास वेगळा. तो हत्तीरोग पसरवतो, आणि नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगाच्या जुन्या पट्ट्यातले आहेत. त्या रोगावरच्या सामुदायिक गोळ्या वाटायला कर्मचारी घरी येतात, तेव्हा त्या उंबऱ्यावर ठेवून घेऊ नका, त्यांच्या समोरच गिळा. डेंग्यूचा डास मात्र स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो. रांजण, हौद, ड्रम, जनावरांची नांद, छतावर टाकलेले टायर, सगळीकडे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. अशा दिवसांत घरोघर भांडी भरलेली राहतात, आणि भांडे जितके दिवस भरलेले तितका डासाला वेळ. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून घासून कोरडी करायची. ‘कोरडा दिवस’ म्हणतात तो हाच. दुष्काळात पाणी ओतून द्यायला जीव होत नाही हे आम्हांलाही कळते. तेव्हा ते फडक्याने गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, पण आधीचे भांडे आतून घासा. अंडी काठाला चिकटलेली असतात.

भोसीने काय केले

दुसरे उदाहरण भोकर तालुक्यातील भोसी गावचे. सुमारे सहा हजार वस्ती. २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एका लग्नानंतर गावातली एक मुलगी बाधित निघाली आणि आठवडाभरात आणखी पाच जण. लोक घाबरले. तेव्हा जिल्हा परिषद सदस्य प्रकाश देशमुख भोसीकर, ग्रामपंचायत आणि आरोग्य केंद्र यांनी मिळून गावातच तपासणी शिबिर घेतले. तपासणीत ११९ जण बाधित निघाले.

आता ११९ माणसे ठेवायची कुठे? शहरात खाट मिळत नव्हती. गावात एका खोलीत सहा माणसे, तिथे वेगळे राहणार कसे? भोसीने उत्तर शोधले ते आपल्या शेतकऱ्याच्या जवळचे. ज्यांना लक्षणे थोडी होती, त्यांनी आपापल्या शेतात जाऊन राहायचे. ज्याला शेत नाही, जो मजूर आहे, त्याच्यासाठी देशमुखांच्या शेतातली चाळीस बाय साठ फुटांची शेड मोकळी केली. आरोग्य कर्मचारी, आशाताई, अंगणवाडीताई रोज शेतात फेरी मारीत. जेवण आणि औषध जागेवर पोहोचे. पंधरा-वीस दिवस असे काढून, तपासणी करूनच माणसे घरी परतली. त्यानंतर दीड महिना गावात नवा रुग्ण निघाला नाही. केंद्र सरकारनेही या गावाची दखल घेतली.

या गोष्टीत दोन बाबी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, शेत नसलेल्याची सोय आधी लावली. ती लावली नसती तर मजूर वाड्यातून साथ पुन्हा गावभर फिरली असती, मग ज्याच्या शेतात बंगला आहे त्यालाही तिने सोडले नसते. दुसरी बाब ही की, इथे जिल्हा परिषद, ग्रामपंचायत आणि दवाखाना एकाच घोंगडीवर बसले. तो सदस्य गावचाच होता, त्याला कोणाचे शेत कुठे हे तोंडपाठ होते. २०२२ च्या मार्चमध्ये आपल्याकडील जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. अधिकारी चांगले असतील, नाही म्हणत नाही. पण मध्यरात्री दार ठोठावून ‘चला, शेड मोकळी करा’ असे म्हणणारा माणूस त्या काळात कमी झाला. कारखान्याच्या निवडणुकीला आपण जितके चवताळून उतरतो, त्याच्या निम्मा जोर जिल्हा परिषदेच्या गटासाठी लावावा असे आम्हांला मनापासून वाटते.

टाकीतली मात्रा

पाण्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०२४ च्या जूनअखेरीस नायगाव तालुक्यातल्या मुगाव तांड्यावर विहिरीचे दूषित पाणी पिऊन ९३ जण आजारी पडले. सव्वाचारशे-साडेचारशे वस्तीचा तांडा, त्यातले ९३, म्हणजे दर पाच माणसांत एक. आजारी लोकांना मांजरमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हलवावे लागले. पहिल्या पावसात वाहून येणारे पाणी विहिरीत उतरते, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि तरी दर वर्षी कुठल्यातरी तांड्यावर हेच होते.

पाणी शुद्ध करायची पावडर, म्हणजे आपण टीसीएल म्हणतो ती, ग्रामपंचायतीने घ्यायची असते. मात्रा अवघड नाही. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, आणि दर हजार लिटरला ५ ग्रॅम हे प्रमाण धरतात. पन्नास हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. आधी बादलीत कालवून, निवळी वर घेऊन टाकीत सोडावी. चुना टाकीत टाकू नये. नंतर अर्धा तास थांबून मगच पाणी सोडायचे. हा अर्धा तास कोणी पाळत नाही. तणनाशक फवारून लगेच पाणी सोडले तर काय उपयोग, तसे हे. आणि पोते उघडे, ओलीत पडलेले असेल तर त्यातला क्लोरीन उडून जातो. मग नुसता चुना टाकीत जातो आणि सरपंच छातीवर हात ठेवून सांगतो, पावडर तर रोज टाकतो की हो.

खरेखोटे पाहायचे असेल तर शेवटच्या नळाचे पाणी तपासावे. ओटी चाचणीचे लहानसे साहित्य ग्रामपंचायतीत किंवा आशाताईकडे असते. थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. रंगच आला नाही तर टाकीपासून इथवर कुठेतरी सारा खर्ची पडला, बहुतेक फुटक्या पाईपात. वर्षातून दोनदा गावच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे सांगू शकणारा सभासद आम्हांला अजून क्वचितच भेटला. आपल्या उसाचा उतारा दशांशापर्यंत सांगणारे मात्र पारापारावर आहेत.

पैसा आहे, विचारणारा नाही

‘ग्रामपंचायतीकडं पैसा कुठाय?’ हे वाक्य आम्ही प्रत्येक गावी ऐकतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींना जे अनुदान ठरविले, त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिला होता. महाराष्ट्रात त्या अनुदानाचा ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला दिला गेला. आपल्या गावी त्या पाच वर्षांत काय झाले, हे ग्रामसेवकाकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) वही मागून पाहा. कमान झाली असेल, सभामंडप झाला असेल. दोन्हींवर आमचा राग नाही, पण बांधून दिलेला पैसा कुठे गेला हे विचारायला कमानीखालून जावे लागत नाही.

शिवाय २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानाने प्रत्येक गावाला आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती दिली. तिच्यासाठी वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद ठेवली. रक्कम लहान आहे, पण अडलेल्या बाळंतिणीला गाडी, अंगणवाडीला वजनकाटा, साथीच्या वेळी धूरफवारणी अशा तातडीच्या कामाला ती उपयोगी पडते. कित्येक गावांत ही समिती कागदावर आहे. सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नसते! आम्ही एका गावी नावे वाचून दाखविली, तर एक आजी म्हणाल्या, “मला कधी केलं रं मेंबर?”

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के अपंग बांधवांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि १५ टक्के मागासवर्गीय वस्तीसाठी खर्च करावयाचे असतात. यातील ५ टक्क्यांचा विषय आम्ही मुद्दाम काढतो. मळणी यंत्रात हात गेलेला, मोळी घेऊन ट्रॉलीवरून पडून कंबर मोडलेला माणूस आपल्या प्रत्येक गावात आहे. त्याला तीनचाकी, कुबड्या, घराला उतार करून देणे, औषधाला मदत, हे या पैशातून होऊ शकते. त्यासाठी त्याची ग्रामपंचायतीत नोंद हवी, आणि नोंदीसाठी प्रमाणपत्र हवे. तो स्वतः पायऱ्या चढून येणार नाही. शेजारच्या सभासदाने त्याचे कागद नेले पाहिजेत. निराधार विधवांसाठी १९८० पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार योजनेचेही असेच आहे. मंजुरी तहसीलची, पण कागद गावातून निघतात.

विधवांचा विषय निघाला म्हणून सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. तोही उसाचाच मुलूख. तेथील ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे हे प्रकार गावात बंद. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता गिरविण्यास सांगितले. यात एक पैसा खर्च झाला नाही. आपल्याकडे असे ठराव झाले का, झाले तर पाळले का, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते पाहावे.

हे सारे विचारण्याची जागा ग्रामसभा. वर्षातून निदान चार व्हाव्या लागतात आणि महिलांची सभा आधी घ्यावी लागते. पावसाळ्याच्या तोंडावर जी ग्रामसभा येते, तीत आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला बोलावून एक प्रश्न अवश्य विचारा: सर्पदंशाचे इंजेक्शन आज किती शिल्लक आहे? उसाच्या फडात वावरणाऱ्याला हा प्रश्न परका नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच इंजेक्शन चालते. साप मारून बरोबर न्यायची गरज नसते. त्यात वेळ जातो आणि दुसऱ्यालाही चावा बसतो. आवळपट्टी करू नये, चिरा देऊ नये, देवळात नेऊ नये. पाय हलू न देता १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा. पण दवाखान्यात इंजेक्शनच नसेल तर? म्हणून तो प्रश्न आधी, जूनमध्ये.

कोप्यांवरची माणसे

आता आमच्या विभागाच्या अगदी जवळचा विषय. हंगाम सुरू झाला की आपल्या शिवारात ऊसतोड टोळ्या उतरतात. बीडच्या येतात, आपल्याच मुखेड, कंधार, जळकोटच्याही येतात. पाच-सहा महिने ही माणसे आपल्या गावची रहिवासी असतात, पण कोणाच्या वहीत नसतात. त्यांच्या गावची नर्सबाई म्हणते, ते बाहेर गेलेत. आपली म्हणते, ते आमचे नाहीत. मध्ये पोराचा गोवराचा डोस राहून जातो.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहामध्ये एक. हा आकडा वाचून आम्ही बराच वेळ हिशेबाची वही मिटून बसलो होतो. आपल्या फडात मोळी उचलणारी बाई दुखणे अंगावर काढते, कारण एक दिवसाचा खाडा म्हणजे कोयत्याचा दंड. आणि मग गावी परतल्यावर कोणीतरी सांगतो, पिशवीच काढून टाक.

या माणसांना सेवा देण्यास नियमाची आडकाठी नाही. स्थलांतरित मुलाला अंगणवाडीत घेता येते, आणि माता-बाल संरक्षण कार्ड दाखविले की लस कुठल्याही उपकेंद्रात मिळते. ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र देण्याचे काम ग्रामसेवकांकडे सोपविले गेले आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तितकेच शासनाकडून, अशी रचना आहे. म्हणजे आपल्या उसाच्या टनातून पैसा जातोच. तो ज्यांच्यासाठी जातो, त्यांच्या कोपीपर्यंत नर्सबाई पोहोचते की नाही, हे पाहणे आपल्याला सहज शक्य आहे. कोप्या आपल्याच बांधाला असतात.

काही सभासद म्हणतात, “साहेब, टोळी टिकवता-टिकवता नाकी नऊ येतात, तुम्ही दवाखान्याचं काय लावलंय?” टोळी अर्ध्या हंगामात पळते तेव्हा दर वेळी उचलच बुडवायची असते असे नाही. पोर तापाने फणफणले की आई-बाप गाव गाठतात. पिण्याला चांगले पाणी, आडोशाचा संडास आणि आठवड्याला नर्सबाईची एक फेरी एवढे असेल त्या गटात टोळ्या टिकतात, हे आमच्या चिटबॉयना विचारा.

या हंगामापासून आमच्या विभागाने टोळीच्या नोंदवहीत दोन रकाने वाढविले आहेत: पाच वर्षांखालील मुले किती आणि गरोदर स्त्रिया किती. टोळी उतरल्यापासून तीन दिवसांत चिटबॉय ही यादी गट कार्यालयात देईल. तिथून एक प्रत ग्रामपंचायतीला व एक उपकेंद्राला जाईल. ज्यांच्या शेतात कोप्या पडतील त्या सभासदांनी यादीवर सही करावयाची आहे. शोषखड्ड्याचा आराखडा व टीसीएलच्या मात्रेचा तक्ता सर्व गट कार्यालयांत भिंतीवर लावला आहे. ज्या ग्रामपंचायतींना प्रत हवी असेल त्यांनी शेतकी कार्यालयातून न्यावी.

— ऊस विकास अधिकारी